नाइटिंगेलबाईंची नोंदवही



मे महिन्याच्या १२ तारखेला आमच्या लोकांचा, म्हणजे परिचारिकांचा, फार मान होतो. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी केक, संध्याकाळी एखाद्या पाहुण्याचं भाषण. भाषणात ‘त्याग’ येतो, ‘माया’ येते आणि शेवटी ‘देवदूत’ येतोच. मी आधी वॉर्डात आणि मग नर्सिंग कॉलेजात आयुष्य काढलं, त्यामुळे हे सगळं पुष्कळदा ऐकून झालं आहे. देवदूताची एक मोठी सोय असते. त्याला भूक लागत नाही, त्याचे पाय दुखत नाहीत आणि थकबाकी मागायला तो कधी मंत्रालयात जात नाही.

ज्यांच्या वाढदिवसाला हे सगळं होतं, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंबद्दल आज बोलायचं आहे. पहिल्या वर्षाच्या मुली आमच्याकडे पांढऱ्या गणवेशात, हातात दिवा घेऊन शपथ घेतात. तिला नाइटिंगेल प्रतिज्ञा म्हणतात. ती बाईंनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर नावाच्या परिचारिका-शिक्षिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. त्या प्रतिज्ञेत डॉक्टरांना निष्ठेने साथ देण्याचा शब्द आहे. रुग्णाच्या बाजूने डॉक्टरला चार प्रश्न विचारीन असा शब्द तीत नाही. हातातला दिवाही तसाच. चित्रांत दिसतो तो अल्लाउद्दीनचा दिवा. खरा होता तो तुर्की कंदील, कापडाच्या घडीचा, आत मेणबत्ती. हे किरकोळ वाटेल. पण आपण बाईंचं जे घेतलं ते बरंचसं इतरांनी त्यांच्या नावावर खपवलेलं आहे, आणि त्यांनी स्वतः जे केलं ते कपाटात राहिलं. ते म्हणजे त्यांचे तक्ते, त्यांची प्रश्नपत्रकं, मृत्यूंच्या नोंदी. माझा आजचा मुद्दा एवढाच, की रुग्णाची बाजू मांडण्याचं काम बाईंनी वहीतून केलं आणि ती वही आज आमच्या हातात असूनही आमची राहिलेली नाही.

क्रिमियाच्या युद्धाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लवकर सांगते. १८५४ च्या ऑक्टोबरात ३८ परिचारिका घेऊन बाई लंडनहून निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीत पोचल्या. तिथली तुर्की लष्कराची बराक हेच ब्रिटिश सैनिकांचं रुग्णालय. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. बाईंनी भांडण केलं नाही. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कोणीही वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम त्यांनी आपल्याच परिचारिकांना दिला आणि त्यांना चादरी-कपडे शिवायला बसवलं. बाहेर जखमी, आत शिवणकाम. काही दिवसांत जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनीच निरोप पाठवला. माणूस म्हणून हे मला अवघड वाटतं, पण डावपेच म्हणून मी त्याला दाद देते.

पुढे सामानाचा प्रश्न आला. सैनिकांसाठी सदरे बंदरात येऊन पडले होते, पण बोर्डाची बैठक होऊन मंजुरी मिळेपर्यंत गाठोडी सोडायची नाहीत असा नियम. थंडीने कुडकुडणारी माणसं इकडे, सदऱ्यांची गाठोडी तिकडे. सरकारी रुग्णालयात ज्यांनी इंडेंट भरला आहे आणि ‘स्टोअरमध्ये माल आहे, पण साहेबांची सही नाही’ हे ऐकलं आहे, त्यांना स्कुटारी परकी वाटणार नाही. बाईंनी ‘टाइम्स’च्या वाचकांनी जमवलेल्या निधीतून बाजारात माल घेतला आणि काम चालवलं.

तरीही माणसं मरत राहिली. १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेलं होतं. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छतेची पाहणी करणारा आयोग आला. डॉ. जॉन सदरलँड आणि रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यातले मुख्य. त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं धुऊन काढली, पाण्याच्या वाटेत कुजत पडलेलं घोड्याचं मढं काढलं, भिंतींना चुना लावला, हवेला वाट करून दिली. जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा २ च्या आसपास आलं. शुश्रूषा तर नोव्हेंबरपासून चालूच होती. मग हिवाळाभर माणसं का मेली?

बाई परत आल्या त्या लोकांच्या लाडक्या होऊन. पुतळे व्हायचे होते, कविता व्हायच्या होत्या. त्यांनी मात्र विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाबरोबर बसून नोंदी तपासायला घेतल्या. स्कुटारीत मृत्यूंची तीन वेगवेगळी दप्तरं होती आणि तिघांचा मेळ बसत नव्हता. किती मेले हेच नीट लिहिलेलं नव्हतं, मग कशाने मेले हे कुठून कळणार? जुळवाजुळव करताना दिसलं ते असं, की आघाडीवरच्या तंबूतल्या इस्पितळांपेक्षा बाई जिथे होत्या त्या मोठ्या इमारतीत माणसं जास्त मेली. जखमांनी थोडी, हगवण, कॉलरा, ताप यांनी पुष्कळ. १८५८ मध्ये त्यांनी या मृत्यूंची चक्राकार आकृती छापली. महिन्यागणिक एक पाकळी. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, बाकीचे काळे. ती निळी पाकळी बघायला गणित यावं लागत नाही. मंत्र्यालाही कळते. त्याच साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. त्या तिथल्या पहिल्या स्त्री सभासद.

पण मला याहून मोठी वाटते ती नंतरची एक गोष्ट, जी फार कोणी सांगत नाही. १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून परिचारिकांची शाळा निघाली. त्यानंतर लवकरच त्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींच्या शिक्षणासाठी बाळंतिणींचा वॉर्ड सुरू झाला. पैसा बाईंच्या नावाचा, योजना बाईंची. वॉर्डात बाळंतरोगाने बायका दगावू लागल्या. १८६७ मध्ये वॉर्ड बंद करावा लागला. आता अशा वेळी संस्था काय करतात हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. चौकशी समिती नेमतात, अहवाल येईपर्यंत लोक विसरतात. बाईंनी ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांतले बाळंतिणींच्या मृत्यूंचे आकडे मागवले, घरी झालेल्या बाळंतपणांचे आकडे शेजारी ठेवले, आणि १८७१ मध्ये पुस्तकच काढलं. निष्कर्ष असा निघाला की गरिबाच्या घरातल्या बाजेवर बाळंत होणारी बाई या इस्पितळांतल्या बाईपेक्षा सुरक्षित होती. ज्या संस्थांवर आपलं नाव आणि पैसा आहे, त्यांच्याविरुद्ध जाणारा हा आकडा होता, आणि तो त्यांनी पहिल्यांदा आपल्याच वॉर्डाच्या निमित्ताने पुढे आणला.

रुग्णालयाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये, अशा अर्थाचं त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. भिंतीवर लावायला ते छान दिसतं. त्याच्यामागे अशी आकडेमोड होती, हे लक्षात ठेवा.

आता वॉर्डात या. बाईंच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात निरीक्षणावर एक प्रकरण आहे. ते मी विद्यार्थिनींना वर्षानुवर्षं शिकवलं. त्यात बाई म्हणतात, ‘रात्री झोप चांगली लागली का?’ हा प्रश्नच विचारू नका. एखादा माणूस दहा तास सलग झोप लागली नाही तरी ‘नाही’ म्हणेल, आणि दुसरा अधूनमधून नुसती डुलकी लागली तरी ‘हो’ म्हणेल. विचारा, किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी. पहिल्या झोपेनंतर जागा राहतो की रात्रभर जागून सकाळी पेंगतो, यावर पुढचं ठरतं. जेवणाचंही तसंच. ताट बिछान्याशेजारी ठेवून निघून जाऊ नका. खाल्लं का, किती खाल्लं, कोणत्या वेळी खाववलं असतं, हे बघा. भरल्या घरात माणसं उपाशी मरतात ती अशी, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक टोचणारी गोष्ट त्यांनी लिहिली आहे. रुग्णाला बेडसोर झाला तर दोष बहुतेक वेळा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो.

आमच्या वॉर्डात काय चालतं ते मी झाकून ठेवणार नाही. रात्रपाळीची सिस्टर ओव्हर घेते तेव्हा खाटा भरलेल्या असतात, दोन खाटांच्या मध्ये खाली गाद्या घातलेल्या असतात. ती एकटी, सोबत एखादी विद्यार्थिनी, एक मावशी. ‘सिस्टर, सलाइन संपत आलंय.’ ‘सिस्टर, आमच्या पेशंटला धाप लागतीय.’ मध्येच कॅज्युअल्टीतून नवी ॲडमिशन. सकाळी सहा वाजता ती टेबलाशी बसते आणि टीपीआरचे, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे, सगळे तक्ते एका दमात, एकाच पेनाने भरते. त्या तक्त्यांवर जरा नजर टाका. वॉर्डातल्या प्रत्येक माणसाचे श्वास मिनिटाला वीस. न्यूमोनियाचा म्हातारा वीस, हर्नियाचा तरुण वीस, काल रात्री गेला तोही जाण्याआधी दोन तास वीस. हे लिहिणाऱ्या मुलीला श्वास मोजता येत नाहीत असं नाही. एका रुग्णाचे श्वास मोजायला मिनिट लागतं, आणि चाळीस रुग्णांसाठी चाळीस मिनिटं तिला कोणी दिलेली नाहीत. पण वीसचा आकडा लिहिला गेला की कागदावर सगळं आलबेल. उद्या कोणी विचारलं की एवढे रुग्ण एका परिचारिकेने कसे सांभाळले, तर उत्तर तयार आहे. सांभाळले की, बघा, सगळ्यांची नोंद आहे.

म्हणजे ज्या वहीने स्कुटारीचं बिंग फोडलं, तीच वही आमच्याकडे बिंग झाकते. पूर्वी नोंद रुग्णासाठी होती, आता ती ग्राहक न्यायालयासाठी आहे. ‘लिहिलं नाही म्हणजे केलं नाही’ हे वाक्य आम्ही मुलींना पढवतो. त्यांनी बरोबर अर्थ घेतला आहे, की करायचं राहिलं तरी लिहायचं राहू नये.

शुश्रूषेची एक अडचण मुळातच आहे. शस्त्रक्रिया झाली की टाके दिसतात. चांगली शुश्रूषा झाली की काहीच दिसत नाही. कातडी सोलली नाही, सलाइनची जागा सुजली नाही, म्हातारा रात्री खाटेवरून पडला नाही. जे घडलं नाही त्याचं श्रेय कोण देणार, आणि त्यासाठी माणसं किती लागतात हे कोण मोजणार? परळच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांची आठवण इथे येणं अपरिहार्य आहे. त्या स्वतः परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता, सुरक्षिततेसाठी. पुढे परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, निवृत्त झाल्या, पण १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्यांनी अरुणाताईंना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईला बेडसोर होऊ दिला नाही, हे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. ज्यांनी अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली आहे त्यांना त्या एका ओळीची किंमत कळते.

अरुणाताईंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिलेल्या निकालात दयामरणावर जे म्हटलं गेलं त्याची चर्चा खूप झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. याचिका पत्रकार पिंकी विराणी यांची होती. न्यायालयाने त्यांच्या तळमळीबद्दल आदर दाखवला, पण अरुणाताईंचे खरे निकटचे म्हणून मान्यता दिली ती केईएमच्या कर्मचाऱ्यांना. त्यांनी म्हटलं, तिला जगू द्या. न्यायालयाने ते ऐकलं. निर्णय बरोबर होता की नाही यावर आपले मतभेद असू शकतात, माझंही मन त्यात स्वच्छ नाही. पण रोज अंग पुसणाऱ्या माणसांना रुग्णाच्या वतीने बोलता येतं, हे देशातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने मान्य केलं. तीच परिचारिका सकाळच्या राउंडला ‘सर, या पेशंटचं काहीतरी बिनसलंय’ म्हणते तेव्हा तिच्याकडे मान वळवून बघायलाही आपल्याकडे वेळ नसतो.

इथे नाइटिंगेलबाईंच्या विरुद्ध बोलणं भाग आहे. परिचारिकेचं न ऐकण्याची ही सवय लावण्यात त्यांचाही हात आहे. त्यांना ऐकणारे होते, कारण त्या बड्या घरच्या होत्या. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट त्यांचे स्नेही. आजारी पडून पुढे वर्षानुवर्षं त्या खोलीबाहेर फारशा पडल्या नाहीत, तरी मंत्री आणि हिंदुस्थानात निघालेले बडे अधिकारी त्यांच्याकडे येत. अशा बाईला संघटनेची गरज भासत नाही. वॉर्डातल्या परिचारिकेचं तसं नव्हतं. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी ब्रिटिश परिचारिकांची संघटना काढली आणि परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करा अशी मागणी केली. नाइटिंगेलबाईंनी विरोध केला. परीक्षेने चारित्र्य कळत नाही, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खोटा नाही, पण त्याचा परिणाम असा झाला की परिचारिका चांगली की वाईट हे ठरवणार मेट्रन आणि रुग्णालयाची कमिटी. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ ला झाला, बाई गेल्यावर नऊ वर्षांनी. मुंबई इलाख्यात तो १९३५ ला आला आणि स्वातंत्र्याच्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. या बाबतीत मी फेनविकबाईंच्या बाजूची आहे. माया आणि चारित्र्य यांच्या नावाखाली आमच्या किती पिढ्यांचा पगार कापला गेला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्यांचं आपल्या भागाशी नातं होतं, तेही सांगितलं पाहिजे. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. १८५९ मध्ये इथल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची पाहणी करायला आयोग नेमला गेला. छावण्यांना पाठवायची प्रश्नावली तयार करण्यात बाईंचा हात होता. पाणी कुठून येतं, कोण आणतं, सांडपाणी कुठे जातं. उत्तरं वाचून १८६३ मध्ये त्यांनी निरीक्षणं लिहिली. गोरे सैनिक इथे वर्षाला हजारी ६९ मरत होते. दहा वर्षांनी तो आकडा १८ वर आल्याचं त्यांनी लिहिलं. सुरुवातीला चिंता गोऱ्या शिपायाचीच होती, हे मान्य करू. पण छावणीचं पाणी शेजारच्या गावातून येतं, गाव कर्जात बुडालेलं असेल तर विहीर कोण बांधणार, अशा वाटेने त्या दख्खनच्या रयतेपर्यंत, सावकारीपर्यंत, दुष्काळापर्यंत पोचल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, गावांच्या स्वच्छतेवर. खेड्यातून जो कर गोळा होतो त्यातला पैसा आधी त्याच खेड्याच्या पाण्यावर आणि सफाईवर खर्च करा, हा त्यांचा धोशा होता. त्यांच्या हयातीतच, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन निघालं आणि पुढे तिथल्या मुली, त्यात कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला गेल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई समाजाला कशी वाटत होती, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता पुन्हा मागे, क्रिमियाच्याही आधी जाऊ. लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या छोट्या रुग्णालयात १८५३ मध्ये बाईंनी सूत्रं घेतली तेव्हा त्यांच्या पहिल्या मागण्या काय होत्या? गरम पाणी नळाने वरच्या मजल्यापर्यंत यावं. जेवण वर न्यायला पाळणा असावा. रुग्णाने घंटा वाजवली की कोणत्या खोलीतली ते परिचारिकेला जागेवर दिसावं. हे सगळं नसेल तर परिचारिका म्हणजे नुसते दोन पाय, असा त्यांचा रोख होता. परिचारिकेचे पाय वाचले तर तिचे डोळे रुग्णाकडे लागतील. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर ठिकाणी पाचांमागे एक. ते प्रमाण कागदावर किती वर्षं आहे आणि वॉर्डात किती दिवस असतं, हे इथे बसलेल्या सिस्टर सांगतील. पगाराचंही तसंच. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली. २०१६ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली, दोनशेच्या वर खाटा असलेल्या खाजगी रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, पन्नासच्या आत खाटा असल्या तरी वीस हजारांच्या खाली जाऊ नये. शिफारस होती, त्यामुळे ती बहुतेक ठिकाणी शिफारसच राहिली.

तेव्हा मी एक छोटी मागणी करते आणि थांबते. महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. त्याच्या शेजारी प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक फळा लावा, सरकारी असो वा खाजगी. रोज तिन्ही पाळ्यांत त्यावर खडूने दोन आकडे: वॉर्डात रुग्ण किती, ड्यूटीवर नोंदणीकृत परिचारिका किती. खाली इनचार्ज सिस्टरची सही. मी ही सूचना एका रुग्णालयाच्या बैठकीत मांडली तेव्हा प्रशासनाचे गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, नातेवाईक तो आकडा वाचतील आणि सिस्टरशी भांडतील.’ मी म्हटलं, सिस्टरशी ते आत्ताही भांडतातच, सलाइनवरून, बेडपॅनवरून, ‘तासभर झाला, कोणी आलं नाही’ यावरून. चाळीस आणि एक असे आकडे दारावर लिहिलेले दिसले, तर भांडायला ते तुमच्या केबिनमध्ये येतील. ते हसले आणि पुढचा विषय घेतला. माझी सूचना इतिवृत्तात लिहून घ्या, एवढं मी त्यांना सांगितलं. इतिवृत्ताची प्रत मागून घेतली आहे. तिच्यात ती आहे.